तिसरा वाघ

सरजाबाईंनी वाघ खाल्ला तेव्हा सत्यशीला आत चहा गाळत होती.

वाघ सुपारीचा होता. ओट्याच्या शहाबादी फरशीवर सत्यशीलेच्या अप्पांनी, म्हणजे पंडित गुरुजींनी, छिन्नीनं वाघ-बकरीचा पट कोरला होता. तीन सुपाऱ्या म्हणजे वाघ, पंधरा चिंचोके म्हणजे बकऱ्या. वाघानं उडी मारून बकरी खायची, बकऱ्यांनी वाघाला कोंडायचं. गुरुजी कायम बकऱ्यांकडून खेळायचे आणि रेल्वेतून रिटायर झालेले सितारामकाका वाघांकडून. बारा वर्षांत काका एकदाही जिंकले नव्हते. विद्यापीठाचं नामांतर आधी होतं की सिताराम एक डाव आधी जिंकतो, यावर चुडाव्यात पैजा लागत. काका दर डावात तीनदा तंबाखू थुंकायला लिंबाखाली जात. त्यांचं लक्ष लागत नाही ते त्यामुळेच, असं गुरुजींचं निदान होतं.

दवाखान्यात जायच्या दिवशी डाव अर्धाच राहिला. "पट हलवू नका. दोन वाघ कोंडलेत, तिसरा कोपऱ्यात आहे. चार बकऱ्या गेल्यात, आता एकही जाणार नाही," असं बजावून गुरुजी टेम्पोत बसले. परत आले ते निजूनच.

सत्यशीलेनं पटावर कोंबड्यांचं डालं पालथं घातलं. जलदानाचा विधी उरकला की अप्पांचा हा डाव जिंकायचा आणि मगच परभणीला नोकरीवर जायचं, असं तिनं ठरवलं होतं. तिला चारचौघांत रडता येत नसे. डाव खेळता आला असता.

"मला वाटलं, डाल्याखाली कोंबडी हाय," सरजाबाई म्हणाल्या.

"आणि कोंबडी नव्हती म्हणून सुपारी खाल्लीत, आत्या?"

"पाव्हन्यांसाठी ठिवली आसंल म्हनलं. सुपारी डाल्याखाली झाकायची, ही तुमच्या घरची रीत. मला काय ठावं?"

"सगळी खाल्ली?"

सरजाबाईंनी गालात जीभ फिरवून पाहिली. "अर्धी हाय अजून."

"कुठली उचलली होती? कोपऱ्यातली की मधली?"

"दातांना काय ठावं, माय?"

सितारामकाकांना बोलावणं गेलं. ते आले, चष्मा पुसून पटावर वाकले. "माजा वाघ मधी व्हता."

"कोपऱ्यात होता. अप्पांनी सांगितलंय."

"तुजा बाप सदरा घालायला आत गेला, तवा मी एक बकरी खाल्ली अन् मधी आलो. जाताना त्यानं पट बघितलाच न्हाई."

सत्यशीलेनं पटावरच्या बकऱ्या मोजल्या. अकरा.

"मग सोपं आहे. पंधरातल्या अकरा इथं आहेत. तुम्ही खाऊन खिशात टाकलेल्या चारच निघाल्या, तर वाघ कोपऱ्यात. खिसा दाखवा, काका."

काकांनी खिशावर हात ठेवला. "ऱ्हाऊ दे. कोपऱ्यातच व्हता. जिंकला तुजा बाप."

एवढ्या स्वस्तात अप्पांनी जिंकावं, हे तिला पटेना. "खिसा."

"मोजू नको, माय."

"काका."

खिशातून बिडीबंडल निघालं, काडेपेटी निघाली आणि चिंचोके निघाले. पाच.

सरजाबाईंनी बोटांवर हिशेब केला. "अकरा अन् पाच, सोळा. दादा ल्हानपनापासून तसाच."

कॉपी करणाऱ्या पोरांना तीस वर्षं पट्ट्या मारलेल्या अप्पांचा फोटो आत भिंतीवर होता. सत्यशीलेनं तिकडं पाहायचं टाळलं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"मी थुंकायला उठलो का खिशातनं एक सरकवायचा. पयल्या सालापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो आसतो तर जिंकलो आसतो. मंग त्यो रुसला आसता. सांजच्याला मी कुटं जायचं?"

सत्यशीलेनं आतून नवी सुपारी आणून काकांनी सांगितलं तिथं, बरोबर मध्ये ठेवली. मग पट नीट पाहिला. वाघासमोर दोन बकऱ्या उघड्या होत्या.

"हरायलाय दादा," सरजाबाई चघळत म्हणाल्या.

सितारामकाकांनी पटाकडं पाहिलं, मग तिच्या मुठीकडं. मुठीत त्यांच्या खिशातले पाच चिंचोके होते. ते गुडघ्यांवर हात टेकून उठले.

"थुंकून येतो जरा."

"तुम्ही तंबाखू खाल्लीच नाही अजून."

"तरी बी येतो."

लिंबाकडं तोंड करून ते उभे राहिले. पूर्णेकडं जाणारी मालगाडी आली, डब्यामागून डबे गेले, फाटकही उघडलं. काका पाठमोरेच होते.

"झालं का, माय?" त्यांनी विचारलं.