पौर्णिमेचं सूर्यग्रहण

बाळांनो, एका जंगलात एक कासव कारकून होतं. खोटं कशाला सांगू, ते कासव मीच.

सिंहमहाराजांच्या गुहेच्या तोंडाशी माझी बैठक होती. महाराजांना भेटायचं तर आधी मला भेटावं लागे. बहुतेकांची हौस तेवढ्यावरच भागे. मी हळू काम करतो अशी तक्रार कधी आली नाही. आली असेल तर ती माझ्याकडेच आली असणार.

एका वैशाखात तळ्याकाठची टिटवी आली. टिटवी पाय वर करून झोपते, त्यामुळे आकाशाचा अभ्यास तिच्याकडे असे.

"भाऊसाहेब, येत्या अमावास्येला सूर्यग्रहण आहे. नोंद घ्या."

मी नोंद घेतली. म्हणजे काय केलं, तर मागच्या वैशाखातल्या चंद्रग्रहणाचं परिपत्रक काढलं, 'चंद्र'च्या जागी 'सूर्य' लिहिलं आणि बाकीचा मजकूर सुंदर अक्षरात जसाच्या तसा उतरवला. वैशाख पौर्णिमेस सूर्यग्रहण आहे. वेध सूर्योदयापासून. महाराज स्वतः पाहून 'सुटलं' म्हणेपर्यंत तळ्याच्या पाण्याला कोणी तोंड लावू नये. खाली महाराजांनी पंजा उमटवला. महाराज वाचत नसत. वाचण्याचं काम माझ्यावर सोपवलेलं होतं, आणि मीही वाचत नसे.

पौर्णिमा उजाडली. तळ्यावर रानडुक्कर पहाऱ्याला बसलं. ऊन तापलं, दुपार टळली, तरी सूर्याला काही झालं नाही. त्याला परिपत्रक मिळालंच नसावं.

तेवढ्यात टिपकी नावाची हरणी आली. तिचे दिवस भरले होते. जीभ कोरडी पडली होती.

"भाऊसाहेब, सकाळपासून पाण्याचा घोट नाही. पोटातलं पिल्लू हलेनासं झालंय. ग्रहण सुटणार कधी?"

"लागलं की सुटेल."

"आणि लागणार कधी?"

मी वर पाहिलं. मग खाली पाहिलं. कचेरीत इतकी वर्षं काढल्यावर खाली पाहणं जास्त जमतं.

तोवर टिटवी ओरडतच उतरली. "कोणी लिहिलं हे? पौर्णिमेला सूर्यग्रहण कधी ऐकलंय का तुम्ही?"

"का, पौर्णिमेचं काय वाईट?"

"भाऊसाहेब, चंद्र आपल्या आणि सूर्याच्या मधे आला की सूर्यग्रहण. तो मधे येतो अमावास्येला. पौर्णिमेला तो आपल्या पलीकडच्या बाजूला असतो. तेव्हा झालंच तर पृथ्वीची सावली त्याच्यावर पडते. ते चंद्रग्रहण."

"मग दर अमावास्येला का लागत नाही?" टिपकीने विचारलं. तहानेतही तिला शंका येत होत्या. आमच्या कचेरीत अशी हुशार मंडळी टिकत नसत.

"चंद्राची वाट जराशी तिरकी आहे, बाई. बहुतेक वेळा तो सूर्याच्या वरून नाहीतर खालून निघून जातो. भाऊसाहेब, चूक कबूल करा आणि तळं उघडा."

"महाराजांचा पंजा उमटलाय. चूक कोणाची, असं विचारतील."

"कोणाची आहे?"

मी डोकं आत घेतलं. चाळीस वर्षं नोकरी झाली होती. सेवापुस्तिकेत एकही वाईट शेरा नव्हता. निवृत्तीला दोन महिने होते. आतूनच म्हणालो, "ग्रहण सुटलं की तळं उघडेल."

"लागलंच नाही ते सुटणार कसं?"

"हा मुद्दा विचाराधीन आहे."

टिपकी माझ्यासमोर बसली. बसली म्हणजे तिचे पायच वाकले. मग हळूच टिटवीला म्हणाली, "चंद्र एवढासा. तो एवढ्या मोठ्या सूर्याला झाकतो तरी कसा?"

"जवळ आहे म्हणून. हे भाऊसाहेब बघ. यांच्यामुळे आपल्याला महाराज कधी दिसतात का? आता हे काय महाराजांपेक्षा मोठे आहेत?"

टिपकीने माझ्या पाठीकडे बराच वेळ पाहिलं. "मग यांनाच ठेवा की सूर्याच्या आड. नाहीतरी यांचा दुसरा काय उपयोग."

गुहेचं तोंड पश्चिमेला. समोर एक उंच शिळा. सूर्य कलला, तशी टिपकीने मला डोक्याने ढकलत शिळेच्या टोकावर चढवलं. पाणी न प्यायलेली, दिवस भरलेली हरणी ढकलत होती आणि मी 'जरा हळू' म्हणत होतो, हेही लिहून ठेवतो. वर पोचल्यावर मी डोकं आणि चारही पाय आत घेतले.

महाराज जांभई देत बाहेर आले आणि डोळे किलकिले करून खाली बसले.

"लागलं वाटतं?"

"लागलं, महाराज," टिटवी म्हणाली.

"वा. कसं गोल झाकलंय. पण खाली ते शेपटीसारखं काय दिसतंय?"

चाळीस वर्षांत माझ्या शेपटीची कोणी दखल घेतली नव्हती. मलाही तिचा विसर पडला होता.

"तो केतू, महाराज."

"अस्सं. भाऊसाहेब कुठे आहेत?"

"ग्रहणाच्याच कामात आहेत."

मला हसू आलं. हसताना तोल गेला आणि मी शिळेवरून गडगडत खाली आलो.

"सुटलं," महाराज म्हणाले आणि आत गेले.

जंगल तळ्याकडे धावलं. मी उताणा पडलो होतो. माझ्या शेजारून सगळे गेले, कोणी थांबलं नाही. अंधार पडताना टिपकी परत आली. तोंडातून पाणी ठिबकत होतं. तिने मला नाकाने सरळ केलं आणि म्हणाली, "पिल्लू हललं बरं का, भाऊसाहेब."

पंधरा दिवसांनी अमावास्येला भर दुपारी अंधारून आलं. पाखरं घरट्यांकडे निघाली. परिपत्रक नव्हतं, त्यामुळे कोणी काही पाळलं नाही. काळ्या सूर्याखाली टिपकी तिच्या बारा दिवसांच्या पिल्लाबरोबर पोटभर पाणी प्यायली. दोघांना काही झालं नाही.

"हे काय?" महाराजांनी आतून विचारलं.

"ढग, महाराज," मी म्हणालो. "ग्रहण मागच्या पंधरवड्यातच झालं."

ग्रहण दिलेल्या तारखेस पार पाडल्याबद्दल माझ्या सेवापुस्तिकेत चांगला शेरा आला. ढगाची पूर्वसूचना न दिल्याबद्दल टिटवीला खुलासा विचारला गेला. तो कागद मीच लिहिला. अक्षर चांगलं आलं होतं.

तात्पर्य: बाळांनो, सूर्य झाकायला मोठं असावं लागत नाही, साहेबाच्या डोळ्यांजवळ बसता आलं की पुरे. फक्त शेपटी आत घ्यायची आठवण ठेवा.