गुलाबी मासा आणि बाबांची गाठ

शनिवारी दुपारी बाबांनी कापड बेतायच्या टेबलावर दोन नकली मासे ठेवले. एक चंदेरी, एक गुलाबी. दोघांच्याही पोटाखाली गळ लोंबत होते. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्यांची मुलगी पुस्तकात डोकं खुपसून बसली होती.

"उद्या कुठला लावू?"

"गुलाबी," ती पान उलटत म्हणाली.

"गुलाबी? समुद्रात?"

"हो."

"का पण?"

आता कारण देणं भाग होतं. "चंदेरी काय, सगळेच लावतात."

बाबा विचारात पडले. सगळेच घालतात, म्हणून मलाही तस्संच शिवून द्या, असं सांगणारी गिऱ्हाइकं त्यांनी जन्मभर पाहिली होती. सगळेच घालतात म्हणून मला नको, असं म्हणणारं पहिलंच माणूस घरात निघालं, याचा त्यांना फार आनंद झाला. चंदेरी मासा त्यांनी सुयांच्या डब्यात टाकला आणि गुलाबी खिशात.

"मग येतेस का? तूच टाक की."

"पुढच्या रविवारी, बाबा. एवढं प्रकरण संपू दे."

हे दर शनिवारचं होतं. प्रकरणं बदलायची, उत्तर तेच असायचं.

रविवारी सकाळी बाबा धक्क्यावर जायला निघाले. दाराशी स्टुलावर बसून त्यांनी एका बुटाची नाडी बांधली. दुसऱ्या बुटाची राहिली, ती राहिलीच.

बाबा गेल्यानंतर काही आठवडे गळाची काठी दाराआड तशीच उभी होती. शेवटी आई म्हणाली, "तिचं काहीतरी कर बाई. येता-जाता वाटतं, कोणीतरी उभंच आहे."

"मला देऊन टाका," काका म्हणाले. बाबांचे हे धाकटे भाऊ. ज्या विषयातलं काही कळत नाही त्यावर त्यांचं मत सर्वांत पक्कं असे.

"देऊ," मुलगी म्हणाली. "पण आधी एकदा तो गुलाबी मासा पाण्यात पडला पाहिजे. मी निवडलाय तो."

"पडेल की. त्यात काय आहे?"

त्यात काय आहे हे पाहायला तिने ग्रंथालयातून पुस्तक आणलं. कुठल्याही अडचणीवर तिचा हा पहिला उपाय असे. पुस्तकाने सांगितलं, हलका मासा असेल तर काठी लवचीक हवी. काका म्हणाले, काठी ताठच हवी, वाकणाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार? मग ती गळाच्या दुकानात गेली. दुकानदाराने शांतपणे उलट विचारलं, "धक्क्यावरून की खडकावरून? भरतीला की ओहोटीला? दोरा साधा की विणलेला?"

"बाबा काय वापरायचे?"

"ते रोज नवीन विचारायचे आणि जुनंच वापरायचे."

"मग बरोबर काय?"

"पुस्तक बरोबर आहे. तुमचे काकाही बरोबर असू शकतात. मासा बघून ठरवायचं."

"पण मासा तर पाण्यात असतो."

"तीच तर पंचाईत आहे," दुकानदार म्हणाला आणि तिला नवीन दोरा दिला. जुना म्हणे कुजला असणार.

हा दोरा रिळावर भरायचं काम आईने अंगावर घेतलं. शिंप्याच्या घरात इतकी वर्षं काढलेली बाई, दोरा भरायला कुणाला विचारणार? शिवणयंत्राची बॉबिन भरतात तसा तिने तो घट्ट आणि काठोकाठ भरला. वर हाताने दाबून पाहिला. "दुकानदाराने भरलं असतं तर निम्मं रीळ रिकामं राहिलं असतं," ती समाधानाने म्हणाली.

रविवारी तिघं धक्क्यावर पोचली. दुकान बंद असल्यामुळे दुकानदार आधीच तिथे घडीच्या खुर्चीवर गळ टाकून बसला होता. त्याने तिघांकडे पाहिलं, आईच्या हातातल्या काठोकाठ रिळाकडे पाहिलं आणि खुर्ची जराशी लांब सरकवली.

मुलीने गुलाबी मासा खिशातून काढला. बाबांनी लहानपणी शिकवलेली गाठ तिच्या बोटांत होतीच. दोरा कडीतून ओवायचा, बोटाला वळसा, अंगठ्याने घासून खाली सरकवायचा आणि हिसका. शाळेत तिच्या फ्रॉकची बटणं कधी तुटली नाहीत ती या गाठीमुळे.

"मागे घे आणि टाक!" काका तिच्या मागेच उभं राहून म्हणाले.

तिने काठी मागे नेली. गळ काकांच्या टोपीत रुतला. तिने काठी पुढे आणली. टोपीही पुढे आली. ती आवरायला काका धावले, तशी त्यांच्या पायात काठीचं बूड आलं आणि रिळाला धक्का बसला. काठोकाठ भरलेला दोरा याच क्षणाची वाट पाहत असावा. वेटोळ्यांवर वेटोळी भसाभस बाहेर पडली आणि काकांच्या गुडघ्याभोवती घरटं झालं.

"कापून टाका!" काका ओरडले.

"दोरा कापायचा नसतो, सोडवायचा असतो," आई म्हणाली आणि काकांना उभं ठेवून, उसवलेली शिवण पाहावी तसे त्यांचे गुडघे पाहू लागली.

गुंता सुटेस्तोवर दुकानदाराने तीन मासे पकडले. सुटलेला निम्मा दोरा आईने मग स्वतःच कापून, गुंडाळून पिशवीत घातला. अस्तराला उपयोगी पडेल म्हणे. मग मुलीने मासा पुन्हा बांधून काठी उचलली, मागे कोणी नाही हे पाहिलं आणि सगळा जीव एकवटून गळ फेकला.

गुलाबी मासा उडाला. सुरेख उडाला. उंच कमान घेऊन लांब खडकांपलीकडे गेला. दोरा मात्र गेला नाही. तो काठीच्या टोकाशी वाऱ्यावर हलत राहिला.

"लागला! ओढ!" काका ओरडले.

तिने ओढलं. हलकं टोक हातात आलं.

"घेऊन गेला," आई हळूच म्हणाली. हे शब्द बाबांचे होते. दर रविवारी ते रिकाम्या दोऱ्याने घरी यायचे. "आजही घेऊन गेला. मोठा होता." आई म्हणायची, "तुमचे नकली मासे खाऊन समुद्रात कोणीतरी लठ्ठ होतंय!"

"गाठ सुटली," खुर्चीवरून दुकानदार म्हणाला.

"काय?"

"सुती दोऱ्याची गाठ आहे ती. या गुळगुळीत दोऱ्यावर घसरते. दर रविवारी घसरायची."

मुलगी काठी खाली ठेवून त्याच्याकडे वळली. "म्हणजे... तो मोठा मासा?"

"नकलीच मासे होते हो. घेऊन जाणारा कोणी नव्हता." त्याने पायाशी ठेवलेला डबा उघडून आतले नकली मासे दाखवले. "ओहोटीला खडकांत सापडायचे. मी उचलून दुकानात ठेवायचो. तो चंदेरी त्यांनी माझ्याकडून कितीदा नेला, मलाच आठवत नाही. दर वेळी म्हणायचे, हा जुन्यापेक्षा बरा दिसतोय."

"अहो, मग सांगायचं नाही का त्यांना?" आई म्हणाली.

"सांगितलं. म्हणाले, माझ्या गाठीवर अख्ख्या गावाचे कपडे अंगावर टिकलेत, तुमचा मासा टिकत नसेल तर दोष माशाचा."

आईने पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलायला लागले. मुलगी घाबरून जवळ गेली, तर आई हसत होती. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा. "लठ्ठ होतंय म्हणायचे मी," ती हसता हसता डोळे पुसत म्हणाली.

मुलीला मात्र हसावं की रडावं कळेना. निवडलेली एकच गोष्ट तिने समुद्रात भिरकावली होती. "आता तो कसा सापडायचा?"

"पाणी उतरू दे," दुकानदार म्हणाला. "चंदेरी असता तर अवघड होतं, लाटांत मिसळून जातो. पण गुलाबी!"

पाणी उतरलं तसा खरोखरच काळ्या खडकांमध्ये एक ठिपका दिसू लागला. धक्क्यावरून, बिनचष्म्याच्या आईलासुद्धा. समुद्रात दुसरं काहीच त्या रंगाचं नव्हतं. काका पँट दुमडून उतरले, कमरेपर्यंत भिजले आणि मासा उंच धरून परतले. जणू त्यांनीच पकडला होता.

"आता गाठ कुठली?" दुकानदाराने विचारलं. "त्यांची, की माझी?"

दुकानात गेल्यापासून गळाबद्दल कोणीही काहीही विचारलं तरी ती गोंधळत होती. या वेळी गोंधळली नाही. "आधी तुमची बांधा." त्याने बांधली. उरलेल्या टोकावर तिने बोटाला वळसा दिला, अंगठ्याने घासलं आणि बाबांची गाठ मारून हिसका दिला.

"आता टिकला तर कोणामुळे टिकला, कळायचं नाही," आई म्हणाली.

"नको कळू दे."

ती धक्क्याच्या टोकाशी गेली. काका आपणहून लांब उभे राहिले. तिने काठी मागे नेली, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "बाबा, चला. येते मी."