कर्नल पॅनिक झाला

मशीन फक्त जरा हळू चालत होतं. ते तसंच चालू दिलं असतं, तर वरच्या मजल्यावरच्या कर्नलसाहेबांशी माझे संबंध आजही पूर्वीसारखेच, म्हणजे जिन्यात मान हलवण्यापुरते, राहिले असते. पण मला बुद्धी झाली. (माझ्या वयात ती अशी मधूनच होते. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही.)

मशीन म्हणजे आमच्या विभागातून मोडीत निघालेलं एक वर्कस्टेशन, म्हणजे दांडगा कॉम्प्युटर. मी तर्कशास्त्र शिकवत असे. निवृत्त झालो तेव्हा मला निरोपाची भेट काय द्यावी हे कोणाला सुचेना, आणि हे धूड कुठे टाकावं हेही सुचेना. दोन्ही प्रश्न एकदम सुटले. उंचीला ते माझ्या कमरेपर्यंत, आणि सुरू होताना माझ्याइतकंच कण्हतं. बायको म्हणते, "या घरात दोन म्हातारे आहेत. त्यातल्या एकाला निदान बंद करायचं बटण आहे."

तिने काहीही म्हणावं, माझा ग्रंथ त्याच्या पोटात होता. 'निश्चिततेच्या मर्यादा'. नोकरीत असल्यापासून लिहीत होतो. पूर्ण झाला की नाही याची खात्री नसल्यामुळे तो पूर्ण होत नव्हता. शेवटी एका प्रकाशकाने होकार दिला (त्याने तो वाचला नसावा), आणि फाइल मागितली. मी म्हटलं, एकदा शेवटचं बघून पाठवतो. बघायला बसलो, तर पडद्यावर सूचना: तुमची सिस्टीम जुनी झाली आहे, यापुढे तिच्या सुरक्षिततेची हमी नाही.

गॅस बंद आहे ना हे बघायला जिन्यातून परत येणाऱ्या माणसाला असं वाक्य दाखवू नये. मी मुलीला फोन लावला. चिऊ दुसऱ्या शहरात कॉम्प्युटरच्याच कंपनीत आहे.

"बाबा, जुनी सिस्टीम काढून लिनक्स टाका," ती म्हणाली. "फुकट असतं. जुन्या मशीनवर पळतं अगदी."

"मला पळायचं नाहीये गं. नीट चाललं तरी पुरे."

"पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, मशीनला लावा, सुरू करा. आणि आधी ग्रंथाची कॉपी करून ठेवा, विसरू नका."

मी विसरलो नाही. ग्रंथ पेनड्राइव्हवर घेतला. मग लिनक्स पेनड्राइव्हवर घेतलं. या दोन वाक्यांत काही खटकलं का? तुम्हाला खटकलं असेल. मी तीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलंय, मला नाही खटकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको अंधांच्या वाचनालयात गेली. तिथे ती पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. तिचा आवाज फार चांगला आहे, मलाच तो एकाच सुरात ऐकायला मिळतो. घरात शांतता होती. मी मशीन सुरू केलं. पडद्यावरून पांढरी अक्षरं धबधब्यासारखी पळाली आणि एकदम थिजली. मी फोन लावला.

"काय दिसतंय?" चिऊने विचारलं.

"शेवटच्या ओळीत लिहिलंय, कर्नल पॅनिक."

"बाबा, आवाज तुटतोय. खिडकीपाशी जा आणि मोठ्याने बोला."

मी खिडकीपाशी गेलो. "कर्नल! कर्नल पॅनिक झालाय!"

"कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा. बाकी सगळं त्याच्या हुकमावर चालतं. मशीनमधलं काही त्याला उमगलं नाही, की तो हातपाय गाळतो."

"अगदी माझ्यासारखा आहे की."

"मशीन बंद करून परत बूट केलंत का?"

"दोनदा बूट केलं कर्नलला!" मी ओरडलो. "ढिम्म हलत नाही! एवढा घाबरट असेल असं वाटलं नव्हतं!"

आता सांगायला हवं, की माझ्या खिडकीच्या बरोबर वर कर्नलसाहेबांची बाल्कनी आहे. सैन्यातून निवृत्त झालेले, आमच्या इमारतीच्या समितीचे अध्यक्ष. ते कुंड्यांना पाणी घालतात तेव्हा रोपंसुद्धा सावधानमध्ये उभी राहतात. त्या सकाळी ते पाणीच घालत होते. माझ्या खिडकीच्या गजांवर टपटप पडणारं पाणी अचानक थांबलं, हे मला आठवतंय. पण कर्नल कोसळलेला असताना पाण्याकडे कोण बघतो?

"नवा कर्नल तुमच्या जुन्या मशीनला झेपत नाही," चिऊ म्हणाली. "हा काढून टाका. लिनक्सची जुनी आवृत्ती घ्या."

"बरं! काढूनच टाकतो कर्नलला! त्याच्यापायी सगळं अडलंय!"

वर एक खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

मी जुनी आवृत्ती घेतली. या वेळी कर्नल घाबरला नाही, पण पडदा काळा झाला तो काळाच. परत फोन. चिऊ मीटिंगमध्ये होती, कुजबुजत बोलत होती.

"ग्राफिक्स कार्ड जुनं आहे ना, त्याचा घोळ आहे. सुरुवातीला मेनू येतो तिथे ई दाबा. लिनक्स शब्दाने सुरू होणारी ओळ दिसेल. तिच्या शेवटी टाइप करा, नोमोडसेट. मग एफ दहा."

मी तसं केलं. काळं. पुन्हा केलं. काळं.

"बाबा, नक्की काय टाइप केलंत?"

"तू सांगितलंस तेच. नो, मोड, सेट."

"मध्ये जागा सोडलीत?"

"तीन शब्द आहेत, चिऊ. जागा सोडायला नको?"

"नको! तो एकच शब्द आहे!"

"असा शब्द कुठल्याही कोशात नाही."

"बाबा, तुम्हाला लिनक्स बसवायचंय की व्याकरण?"

मी मन घट्ट करून तीन शब्द एकमेकांना चिकटवले. (विद्यार्थ्याने असं लिहिलं असतं तर गुण कापले असते.) आणि काय सांगू, पडदा उजळला! रंगीत, देखणा. भाषा विचारली, सांगितली. कीबोर्ड विचारला, सांगितला. प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं. आयुष्यात प्रथमच मी कोणत्या तरी परीक्षेत निर्धास्त होतो. मग ती चौकट आली. डिस्कवरचं सगळं पुसून लिनक्स बसवलं जाईल. हे परत मिळणार नाही. तुमची खात्री आहे का?

मी खुर्चीत मागे टेकलो.

तुम्हाला हा साधा प्रश्न वाटेल. मी याच प्रश्नावर सहाशे पानं लिहिली आहेत आणि उत्तर अजून यायचंय. मी फोन लावला.

"ते विचारतंय, खात्री आहे का."

"ग्रंथाची कॉपी घेतलीत ना?"

"घेतली."

"कुठे आहे?"

"पेनड्राइव्हवर."

"छान. मग दाबा." ती ठेवणार होती, पण थांबली. "बाबा, लिनक्स कुठे उतरवलंत?"

"पेनड्राइव्हवर."



"बाबा, घरात पेनड्राइव्ह किती आहेत?"

"एक," मी म्हणालो, आणि मशीनला लावलेल्या त्या एकाकडे बघितलं.

"लिनक्स उतरवताना पेनड्राइव्ह पुसला जातो. कॉपी गेली. ग्रंथ आता फक्त त्या डिस्कवर आहे. ऐका, कशालाही हात लावू नका. मागे जा असं बटण आहे ना? ते दाबा. बाहेर पडा, जुनी सिस्टीम सुरू करा आणि ग्रंथ मला मेल करा. कळलं?"

"कळलं. मागे जा."

तिने फोन ठेवला. दोन बटणं होती. मी बाण 'मागे जा' वर नेला. मग वाटलं, हेच ना ते? चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तेवढ्यात दारावरची बेल अशी वाजली, की माझा हात माउसवरून उडाला.

दारात कर्नलसाहेब. पायात चकचकीत काळे बूट.

"प्रोफेसर, मला बूट करून पाहिलंत म्हणे. दोनदा. म्हटलं, तिसऱ्या वेळी स्वतःच घालून जावं."

"अहो, नाही, तो कर्नल…"

"पॅनिक? मी? डोक्यावरून गोळे जात असताना मी दाढी केली आहे, प्रोफेसर! कुठे कापलंसुद्धा नाही! आणि काढून टाकायचं असेल तर समितीच्या बैठकीत बोला. खिडकीतून आख्ख्या इमारतीला काय सांगता?"

"तो कर्नल वेगळा हो!"

"कुठल्या रेजिमेंटचा?"

"लिनक्सच्या."

"नाव ऐकलं नाही. परदेशी आहे?"

"मूळचा परदेशीच." मी त्यांना हाताला धरून आत नेलं आणि मशीन दाखवलं. गाभा, हुकूम, जुनं हार्डवेअर, सगळं समजावलं. त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला. ते हसले. चक्क माझ्या पाठीवर थाप मारली. मी चष्मा सावरेपर्यंत ते माझ्या खुर्चीत बसले होते.

"बिचारा अडकलाय कुठे मग?"

"खात्री आहे का, असं विचारतोय."

"आणि तुम्ही?"

"हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही, कर्नलसाहेब. खात्री ही मनाची अवस्था मानायची की ज्ञानाची, इथूनच…"

"प्रोफेसर," ते म्हणाले, "अशाने तुमचा कर्नल काय, आख्खी पलटण पॅनिक होईल." आणि त्यांनी बटण दाबलं. मागे जाण्याचं नव्हे. सैन्यात ते बहुधा शिकवत नाहीत.

पडद्यावर एक निळी पट्टी पुढे सरकू लागली. मी नुसता बोट दाखवत राहिलो. शेवटी कसाबसा म्हणालो, "ग्रंथ. माझा ग्रंथ. त्यात."

"कशात?"

"जे पुसलं जातंय त्यात."

कर्नलसाहेबांनी क्षणभरही वाया घालवला नाही. "माघार!" असं गरजून त्यांनी भिंतीतला प्लगच उपटला. मशीनने एक दीर्घ उसासा टाकला. पुन्हा सुरू केलं तर पडद्यावर फक्त एक रेघ लुकलुकत होती. जुनी सिस्टीम गेली होती, नवी आली नव्हती. चिऊला फोन केला. ती अगदी हळू म्हणाली, "बाबा, पाणी प्या थोडं." त्यावरूनच मी समजलो.

बायको आली तेव्हा आम्ही दोघं सोफ्यावर शेजारी शेजारी बसलो होतो. कर्नलसाहेबांनी बूट काढून ठेवले होते.

"काय झालं? कोण गेलं?"

"ग्रंथ," मी म्हणालो.

"वहिनी, दोष माझा आहे," कर्नलसाहेब उभे राहून म्हणाले. "शिक्षा सांगा."

तिने सगळं ऐकून घेतलं, पर्स टेबलावर ठेवली. मला वाटलं, आता ती म्हणणार, बरं झालं. ती म्हणाली, "पण तो माझ्याकडे आहे की."

"काय आहे?"

"तुमचा ग्रंथ. तुम्ही दुपारी झोपलात की मी मशीनवर वाचायची आणि फोनवर रेकॉर्ड करायची. सगळा आहे. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत."

माझे डोळे भरून आले, लपवत नाही. इतकी वर्षं मला वाटायचं, हिला त्यातलं एक पानही माहीत नाही. "तू सगळा वाचलास? अंधांच्या वाचनालयासाठी?"

"नाही हो. सरावाला. त्यातलं एक वाक्य एका दमात म्हणता आलं, की दुसरं कुठलंही पुस्तक सोपं जातं." मग ती जराशी घुटमळली. "आणि यांनाही दिलंय मी."

"मला?" कर्नलसाहेब चमकले. "म्हणजे वहिनी, ते झोपेचं, ते यांचं आहे?"

"झोपेचं?" मी विचारलं.

"लढाईनंतर झोपच उडाली होती माझी. गोळ्या झाल्या, व्यायाम झाले. वहिनी म्हणाल्या, हे लावून बघा." ते भारावून माझ्याकडे बघत होते. "प्रोफेसर, रोज ऐकतो! पाठ आहे मला! 'ज्याची खात्री आहे असे आपण म्हणतो, त्याची आपल्याला खात्री आहे, याची खात्री कशावरून?' वा!"

माझ्या ग्रंथातलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून मी प्रथमच ऐकत होतो. अंगावर काटा आला. "आणि त्यापुढचं? पुढचं वाक्य खरं महत्त्वाचं आहे."

"त्यापुढे मी कधी जागाच राहिलो नाही," ते म्हणाले.

असो. ग्रंथ वाचला होता, तोही आमच्या हिच्या आवाजात. आता गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं, त्यामुळे लिनक्स एका फटक्यात बसलं. चिऊचा विश्वासच बसेना. फाइल प्रकाशकाला द्यायची तर रेकॉर्डिंग ऐकून सगळं पुन्हा टाइप करायला हवं होतं. त्याच संध्याकाळी, दिवेलागणीला, आम्ही कामाला लागलो. कर्नलसाहेबांनी प्रायश्चित्त म्हणून टाइप करायचं ठरवलं, बायको फोन धरून बसली, मी चुका बघणार होतो.

पहिलं वाक्य झालं. कर्नलसाहेब टेबलावर डोकं ठेवून घोरू लागले. म्हटलं, हरकत नाही, सवयीचा भाग आहे. मी कीबोर्ड स्वतःकडे ओढून घेतला. दुसऱ्या वाक्याच्या मध्यावर बायकोची मान कलली. दिवसभर दमलेली होती, साहजिकच आहे.

मी एकटा जागा होतो. लेखक होतो. माझ्यावर परिणाम व्हायचं काहीच कारण नव्हतं.

सकाळी चिऊने फोन करून विचारलं, "बाबा, कुठपर्यंत आलात?"

मी पडद्याकडे बघितलं. दीड वाक्य होतं. त्यापुढे, माझं नाक जिथे टेकलं होतं त्या बटणाचं एकच अक्षर, एकशे चाळीस पानं.