भूतबंगल्यातली उसनी भीती

"काल भूतबंगल्यात एक आजोबा चक्क घोरत होते," मालकीणबाई म्हणाल्या. "आणि त्यांचा नातू मोबाइलवर खेळत होता. भुतासमोर!"

मनोरंजन उद्यानाचे व्यवस्थापक मान खाली घालून उभे राहिले. त्यात खोटं काहीच नव्हतं. पूर्वी माणसं भूतबंगल्यातून किंचाळत बाहेर पडायची, आता जांभया देत पडत. सापळा अंगावर धावून आला की पोरं त्याच्याबरोबर फोटो काढत आणि वर सांगत, "काका, जरा उजवीकडे सरका."

"रविवारी मी स्वतः येते. आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांची बोबडी वळलेली दिसली पाहिजे. नाहीतर बंगला पाडून गाड्या लावायला जागा करू. शिट्टी घेऊन तुम्हीच उभे राहा तिथे."

व्यवस्थापक कंबर कसून कामाला लागले. नवी कोळिष्टकं टांगली, रक्ताला ताजा रंग दिला. आत माइक आणि बाहेर भलामोठा कर्णा लावला. आतल्या किंकाळ्या ऐकून बाहेरची गर्दी खेचली जाईल, असा हिशेब. पण किंचाळणार कोण? परक्यांवर भरवसा ठेवण्यात अर्थ नव्हता. घरात तीन पिढ्या आयत्या हजर होत्या.

"नुसतं ओरडायचं, बाकी काही नाही," त्यांनी घरी समजावलं.

"मला नाही बाई भुताची भीती वाटत," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या लग्नात तुमच्या आत्याबाईंना बघितलंय मी, जावईबापू."

रविवारी चौघं छोट्या रुळगाडीत बसले आणि गाडी आत शिरली. पहिल्या वळणावर वटवाघळं सुटली. ठरल्याप्रमाणे बायको किंचाळली, लेकही किंचाळली. सासूबाई म्हणाल्या, "इथे केरवारा कोण करतं?"

पुढच्या वळणावर सापळा उठला, गाडीला गचका बसला आणि ती जागच्या जागी थांबली. दिवेही गेले. माइकची तार तेवढी वेगळी होती, पण ते त्या घडीला कुणाला आठवणार?

"साहेब, साखळी अडकली," सापळा जवळ येत म्हणाला. काळ्या कपड्यांवर हाडं रंगवलेला तो चांगला गलेलठ्ठ गृहस्थ होता. "ढकलून बघतो."

"हळू हो, कमरेत उसण भरेल," सासूबाई म्हणाल्या. "आधी घोटभर चहा घ्या. थर्मास आणलाय."

सापळा गाडीच्या कडेवर टेकून चहा पिऊ लागला. अंधारात माणसाची जीभ सैल सुटते म्हणतात, तसंच झालं.

"बाबा, तुमचा चेहरा दिसत नाहीये तोवर सांगून टाकते," लेक म्हणाली. "मी गणितात नापास झालेय."

"काय? आईला माहीत आहे?"

"आईच म्हणाली, एवढ्यात सांगू नकोस."

"मग काय करू?" बायको म्हणाली. "अहो, तुम्ही घरात आलात की भुतांचं रडगाणं सुरू! आमचं सांगायचं कधी?"

"आता निघालाच आहे विषय, तर मीही सांगते," सासूबाईंनी घसा खाकरला. "तुमचा तो हिरवा स्वेटर हरवलेला नाही. मी वॉचमनला देऊन टाकला."

"तो माझ्या आईने विणला होता!"

"म्हणूनच दिला."

व्यवस्थापकांचा तोल सुटला. "घरी तुम्ही आणि इथे ती मालकीणबाई! हडळ आहे, साक्षात हडळ! या सापळ्याच्या जागी तिला बसवली तर रंगरंगोटीचाही खर्च वाचेल!"

सापळ्याला ठसका लागला. तेवढ्यात बाहेरून हशा आला. एकदोघांचा नव्हे, अख्खी जत्रा हसावी तसा.

"हे हसणं कधी रेकॉर्ड करून घेतलंत?" बायकोने विचारलं.

"आपण हसणं रेकॉर्ड केलेलंच नाही," ते म्हणाले, आणि त्यांची नजर माइकच्या लाल दिव्यावर गेली. मग त्या बंगल्यात आजवर कुणी फोडली नसेल अशी किंकाळी फुटली.

साखळी सुटली आणि गाडी उजेडात आली. बाहेर म्हातारी माणसं डोळे पुसत होती, पोरांचे मोबाइल खिशात होते आणि रांग पार फाटकापर्यंत गेली होती. सगळ्यांपुढे मालकीणबाई.

"साखळी नेमकी कुठे अडकते?" त्यांनी विचारलं.

"लगेच दुरुस्त करतो, बाई."

"हात लावून तर बघा! आणि कर्ण्याचा आवाज वाढवा. 'हडळ'नंतरचं नीट ऐकू आलं नाही."

तेव्हापासून गाडी दर फेरीला तिथेच अडकू लागली. 'आतलं बोलणं बाहेर ऐकू येतं' अशी ठळक पाटी लावली. लोक ती दोनदा वाचत आणि मग हटकून आत बसत. सासवा-सुना आल्या, बाप-लेक आले, वर्षानुवर्षं अबोला धरलेले भाऊ आले. काहींचं एका फेरीत भागेना, ते उरलेलं भांडण घेऊन पुन्हा येत.

महिनाभराने सापळा मुखवटा हातात घेऊन व्यवस्थापकांपुढे उभा राहिला. "साहेब, मला लाकडी घोड्यांच्या पाळण्यावर टाका. इथे भीती वाटते."

"तुम्हाला? कशाची?"

"आज एका आजीबाईंना मुलाने अंधारात काहीतरी सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. शांतपणे एवढंच म्हणाल्या, 'बरं. घरी चल, मग बोलू.'" सापळ्याने घाम पुसला. "अजून अंगावर काटा आहे."

"अहो, पण तुमच्या जागी माणूस कुठून आणू?"

"त्याची काळजी नको, साहेब. तो मुलगा आईबरोबर बाहेर पडलाच नाही. मघापासून सापळ्याचं काम तोच करतोय."