महापौरांची खुर्ची गेली!

नेव्हिल ट्रँटर चहाचा मग घेऊन दारात आला, तेव्हा घरासमोरच्या गवतावर खुर्ची नव्हती.

आधी त्याला वाटलं, बायकोनं आत घेतली असेल. मग त्यानं रस्त्याकडे पाहिलं. शेजाऱ्यांच्या गवतावर जुन्या गाद्या, मोडके पंखे, चाक तुटलेली बाबागाडी आणि कुणाचं तरी व्यायामाचं यंत्र असे ढीग लागले होते. आज त्याच्या रस्त्यावरून पालिकेचा ट्रक घरातलं अवजड भंगार गोळा करणार होता. वर्षातून एकदा होणारी ही गोष्ट वारंगूला नावाच्या त्या शहरात दुसरं कुणीही विसरलं तरी चाललं असतं, पण नेव्हिलनं विसरायला नको होती. तो पालिकेच्या नागरी सेवा विभागाचा प्रमुख होता आणि ते वेळापत्रक त्यानंच ठरवलं होतं.

"कोरली! खुर्ची कुठे गेली?"

"तू काल बाहेर ठेवलीस तिथेच असेल की," आतून बायको म्हणाली. "त्या पॉलिशच्या वासानं माझं डोकं उठलं होतं."

खुर्ची साधीसुधी नव्हती. गावातल्या पहिल्या महापौरांनी देवदाराच्या लाकडात कोरून घेतलेली, पाठीवर शहराचं बोधचिन्ह, हातांवर सिंहाचे पंजे, बैठकीला भरगच्च गादी. मागच्या सभेत रस्त्यांच्या कामाची स्तुती चालू असताना तिचा मागचा पाय लचकला आणि महापौर रोवेना पाइक बोलता बोलता टेबलाखाली दिसेनाशा झाल्या. नेव्हिलला सुतारकामाचा भारी नाद. "मी देतो दुरुस्त करून," असं तो मोठ्या हौसेनं म्हणाला होता. पाय त्यानं असा घट्ट बसवला की त्यावर हत्ती नाचला असता. पॉलिश वाळायला म्हणून खुर्ची उन्हात ठेवली, आणि ऊन होतं ते फक्त घरापुढच्या गवतावर. आज संध्याकाळी पालिकेची वार्षिक सभा होती आणि महापौर त्याच खुर्चीत बसून वर्षभराच्या कामाचा अहवाल मांडणार होत्या.

कोपऱ्यावर ट्रकचा आवाज आला. नेव्हिल अनवाणी, अर्ध्या चड्डीत, मगासकट धावत सुटला.

"डॅरिल! थांब! माझ्या घरासमोरची खुर्ची भरलीस का?"

ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं. "तुमच्या घरापर्यंत आलोच नाही अजून, साहेब. पण वेळ बघा की! दरवर्षी उशीर उशीर म्हणून ओरडता, आज पोचलो का नाही वेळेवर?"

"पोचलास बाबा. फार चांगलं केलंस," नेव्हिल धापा टाकत म्हणाला. वर्षभर ज्या गोष्टीसाठी त्यानं जिवाचं रान केलं होतं, ती नेमकी आजच घडावी!

तो परतला तर शेजारचा म्हातारा क्लेम कुंपणावर कोपरं टेकून मजा बघत होता.

"काय रे, इतक्या सकाळी शर्यत?"

"क्लेम, महापौरांची खुर्ची गेली!"

"काय सांगतोस!" क्लेमनं डोळे विस्फारले. "निवडणुकीला तर अजून अवकाश आहे. काय भानगड केली तिनं?"

"तसली खुर्ची नाही रे! बसायची! लाकडी! इथं ठेवली होती!"

"ती होय?" क्लेमचा चेहरा पडला. "ती लोसानं नेली. एकटीला उचलेना, म्हणून मीच गाडीत चढवू लागलो. काय वजन आहे, पाठ धरली माझी."

"रस्त्यावरचं सामान उचलायला बंदी आहे, क्लेम!"

"ठाऊक आहे की. ते पत्रक तूच टाकलं होतंस माझ्या पेटीत. अक्षर फार बारीक होतं."

लोसा म्हणजे पालिकेच्या ज्येष्ठ नागरिक केंद्रात स्वयंपाक करणारी आडव्या बांध्याची, टोंगा बेटांवरून आलेली बाई. नेव्हिलच्या जिवात जीव आला. केंद्र त्याच्याच विभागाचं होतं. तिथला फोन कुणी उचलेना, म्हणून त्यानं पालिकेचा मुख्य नंबर फिरवला. पलीकडून गोड आवाज आला, "तुमचा फोन आमच्यासाठी मोलाचा आहे. कृपया थांबा." तो आवाज त्याचा स्वतःचाच होता. मागच्या वर्षी त्यानंच हौसेनं रेकॉर्ड करून दिला होता. स्वतःकडून तीनदा तेच ऐकल्यावर त्यानं स्वतःला एक शिवी दिली, फोन आपटला आणि गाडी काढली.

इकडे क्लेमही स्वस्थ बसला नव्हता. तो आपल्या नेहमीच्या क्लबात गेला आणि गवतावर चेंडू घरंगळवणाऱ्या मंडळींना हळूच म्हणाला, "ऐकलंत का? महापौरांची खुर्ची गेली." पुढचं काही सांगायच्या आत अर्धा क्लब फोन काढून बसला होता.

केंद्रात शिरताच नेव्हिलला खुर्ची दिसली. हॉलच्या मधोमध ठेवलेली, स्वच्छ पुसलेली, पाठीवरच्या बोधचिन्हावर लोसानं विणलेलं जांभळं कव्हर घातलेली. आणि खुर्चीत बेरिल मॅक्लिंटॉक बसल्या होत्या. नव्वदी गाठलेल्या, काटकुळ्या, आणि आवाज असा की रेल्वेच्या भोंग्यानं लाजावं. केंद्रातल्या हाउजीचे आकडे त्याच पुकारायच्या.

"आला! आला गं बायांनो, नेव्हिल आला!" बेरिल ओरडल्या.

आणि सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली. एक आजोबा काठीनं जमीन बडवू लागले. कुणीतरी नेव्हिलच्या हातात खोबऱ्यात घोळवलेला चॉकलेटचा केक कोंबला.

"तीन वर्षं मागत होते रे बाळा," बेरिल म्हणाल्या आणि त्यांचा आवाज जरा ओला झाला. "त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून बसून माझं कंबरडं मोडलं. लोसा म्हणाली, तुझ्या दारातून आणली. मी म्हटलं, बघा, पोरानं स्वतःच्या हातानं पॉलिशसुद्धा केलंय. पालिकेनं ऐकलं हो आमचं!"

नेव्हिलनं केकचा घास घेतला. पालिकेत नोकरी लागल्यापासून त्यानं पाण्याच्या तक्रारी ऐकल्या होत्या, झाडांच्या ऐकल्या होत्या, मांजरांच्याही ऐकल्या होत्या. त्याच्यासाठी टाळ्या मात्र आजवर कुणी वाजवल्या नव्हत्या. खोबऱ्याचे कण त्याच्या शर्टावर पडत राहिले.

"बेरिल, ते... ही खुर्ची मला जरा न्यावी लागेल. तपासायला."

"तपास की."

"म्हणजे तुम्ही उठल्यावर."

"उठते कशाला? मी वर असतानाच तपास. भार सोसते का कळेल तरी."

लोसानं कमरेवर हात ठेवले. "नेव्हिल, खरं सांग. खुर्ची हिचीच आहे ना?"

सगळा हॉल त्याच्याकडे पाहू लागला. नेव्हिलनं "नाही" म्हणण्यासाठी श्वास घेतला, बेरिलकडे पाहिलं, आणि म्हणाला, "हो."

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. महापौर होत्या.

"नेव्हिल, काय चाललंय? सकाळपासून पंधरा जणांनी विचारलं, तुमची खुर्ची गेली हे खरं का! वर्तमानपत्रवाला दारात बसलाय! माझ्या आईनं फोन करून रडून घेतलं!"

"गेली नाही, रोवेना. येतेय."

"कोण येतंय?"

"खुर्ची. संध्याकाळी. नक्की."

त्यानं फोन ठेवला. मग एकदम त्याला काहीतरी सुचलं. तो बेरिलपुढे वाकला. "बेरिल, आज संध्याकाळी पालिकेची वार्षिक सभा आहे. तुम्ही खास पाहुण्या. खुर्चीसकट यायचं."

"तिथं चहा असतो?"

"चहा, केक, सँडविच, सगळं."

"मग आम्हीपण!" काठीवाले आजोबा ओरडले. क्षणात सगळं केंद्र उठून लिपस्टिक, टोप्या आणि कवळ्या शोधायला लागलं.

वार्षिक सभेला एरवी वारंगूलात कुत्रं फिरकत नसे. मागच्या वर्षी प्रेक्षकांत एकच माणूस होता आणि तो विजेचा दिवा बदलायला आला होता. आज मात्र केंद्रातल्या मंडळींना घेऊन पालिकेची बस सभागृहाच्या दारात थांबली तेव्हा पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. महापौरांची खुर्ची जाताना बघायला सगळं गाव लोटलं होतं. क्लबातली मंडळी तर पहिल्या रांगेत बसली होती.

बसची यांत्रिक फळी खाली आली. तिच्यावर खुर्ची, खुर्चीत बेरिल, मांडीवर पर्स. लोसानं एका बाजूनं उचललं, दुसरीकडून नेव्हिल आणि क्लेमनं. "माझी पाठ!" क्लेम विव्हळत होता. गर्दी आपोआप दुभंगली. आत सगळीकडे माणसं दाटलेली. मोकळी जागा एकच होती, मंचावर टेबलाच्या मधोमध, महापौरांची. लोसानं मागचापुढचा विचार न करता खुर्ची तिथं टेकवली.

दार उघडलं आणि गळ्यात महापौरपदाची सोन्याची साखळी घातलेल्या रोवेना पाइक आत आल्या. मंचाकडे बघून त्या थबकल्या. नेव्हिलनं डोळे मिटून घेतले.

"रोवेना, ये, बस," बेरिल म्हणाल्या. "तुझ्या पालिकेनं मला ही खुर्ची दिली. इतक्या वर्षांत केलेलं पहिलं चांगलं काम."

महापौर बेरिलकडे बघत राहिल्या, मग खुर्चीकडे. आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही हसू पसरलं की नेव्हिलला एक डोळा उघडावा लागला.

"होय!" त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "दिली! कायमची दिली! सगळ्यांनी ऐकलंत ना? लिहून घ्या." कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची ओढून त्या ऐसपैस बसल्या. "चला, नेव्हिल, आज तूच वाच अहवाल."

नेव्हिल वाचू लागला. वाचनालयातून किती पुस्तकं गेली, किती खड्डे बुजवले, तरणतलावात किती मुलं पोहायला शिकली. तो कागदात तोंड घालून पुटपुटत होता. मागून कुणी तरी ओरडलं, "ऐकू येत नाही!"

"दे इकडे," बेरिल म्हणाल्या आणि त्यांनी कागद आणि माइक दोन्ही हिसकावले. "खड्डे बुजवले... चार शून्य आठ! गेल्या साली... तीन एक दोन! कुणाच्या दारातला राहिला?"

"माझ्या!" तिसऱ्या रांगेतून हात वर गेला.

"नाव सांग, लिहून घे रे नेव्हिल! पुढे! तलाव! पोहायला शिकली पोरं... दोन दोन, दोन बदकं!"

"क्वॅक क्वॅक!" ज्येष्ठ मंडळी सवयीनं ओरडली.

"अहो, दोनशे वीस आहे ते," नेव्हिल कुजबुजला.

"शून्य राहिलं! दोन बदकं आणि एक अंडं!"

सभागृह हसून लोळू लागलं. पण गंमत अशी की लोक ऐकत होते. कोणी विचारत होतं, वाचनालय शनिवारी का बंद. कोणी सांगत होतं, नवी बाग फार छान झालीय. नगरसेवक आधी गोंधळले, मग टेबलावर पुढे झुकून उत्तरं देऊ लागले. वर्तमानपत्रवाल्याची वही भरत आली. भंगाराच्या ट्रकचा आकडा आला आणि बेरिल ओरडल्या, "वेळेवर!" तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या डॅरिलनं दोन्ही हात वर करून टाळ्या घेतल्या. शेवटचं पान उलटताच काठीवाले आजोबा उभे राहून गरजले, "हाउस!"

चहाच्या वेळी नेव्हिल महापौरांपाशी गेला. "रोवेना, मला माफ कर. खरं म्हणजे ती खुर्ची—"

"शू!" त्यांनी त्याला दंडाला धरून पडद्यामागे नेलं. "मूर्खा, तुला दुरुस्त करायला कुणी सांगितलं होतं?"

"पाय लचकला होता ना."

"लचकला नव्हता. मी कापला होता." त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "घरून करवत आणून. चार वर्षं त्या खुर्चीत बसतेय मी, नेव्हिल. गादीत घोड्याचे केस भरलेत, ते कपड्यातून टोचतात. बदला म्हटलं की सगळे म्हणतात, शहराचा वारसा! मोडली तरच सुटका होती. त्या पायानं माझ्या हाताला फोड आणले. आणि तू म्हणालास, मी देतो दुरुस्त करून!"

नेव्हिलनं त्यांच्या तळहाताकडे पाहिलं. मग दोघांनाही एकदम हसू फुटलं. रोवेनांचा चहा बशीत सांडला.

"आता सगळ्यांसमोर दिलीय," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "परत घ्यायचं कुणाच्या बापाला जमणार नाही. सुटले मी!"

तेवढ्यात पडद्यापलीकडून रेल्वेचा भोंगा वाजावा तसा आवाज आला.

"नेव्हिल! अरे ए नेव्हिल! खुर्ची झक्कास आहे, पण खालून काहीतरी टोचतंय रे! ही परत घेऊन दुसरी देता येईल का?"

महापौरांचा चेहरा पांढराफटक पडला. कप खिडकीत ठेवून त्या धावत सुटल्या. मागच्या जिन्यावरून त्यांच्या दालनाकडे, सोन्याची साखळी खळखळ वाजवत, आणि नेव्हिलला काय होतंय ते कळायच्या आत त्या परतही आल्या. दोन्ही काखांत त्यांच्या स्वतःच्या सोफ्यावरच्या दोन जाडजूड मखमली उश्या होत्या.

"आले, बेरिल, आले!" त्या ओरडत मंचाकडे पळाल्या. "जागची उठू नका! जरासुद्धा उठू नका!"

वारंगूला पालिकेच्या इतिहासात कुठल्याही तक्रारीची दखल इतक्या तातडीनं घेतली गेली नव्हती.