सुकलाल आबांची लाईन

लाईन आली की भडगावात सगळे जण आधी पंख्याकडे बघतात. आमचे घरमालक सुकलाल आबा धुळ्याच्या दिशेने बघतात. ओट्यावर पाय सोडून, बंडीची बटणं उघडी टाकून, घरापुढून जाणाऱ्या तारांकडे मान वर करून म्हणतात, "तठेबी उनी व्हई." म्हणजे तिकडेही आली असेल. तिकडे म्हणजे कुठे, हे मी कितीतरी दिवस विचारलंच नाही. मळ्यातला पंप असेल असं समजून मी आपला पंख्याखाली जाऊन पडायचो.

लाईन म्हणजे वीज, हे खानदेशात कोणीही सांगेल. पण आबांनी या एका इंग्रजी शब्दावर अख्खा संसार चालवला आहे. केळीची रांग ही लाईन, तिला पाणी देणारी नळीही लाईन, रेशनच्या दुकानापुढे असते ती लाईन आणि स्टँडवर कॉलेजची पोरं मारतात तीही लाईन. माझी भाची बारावी झाली, तर पेढा तोंडात जायच्या आधी तिला प्रश्न, "कोनती लाईन धरी?" मी बँकेत आहे हे कळल्यावर म्हणाले होते, "लाईन बरी शे, पन बसीबसी पोट सुटस." ते खरं निघालं.

मागे एकदा छातीत दुखतंय म्हणाले म्हणून मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीला वायरी लावून कागदाची पट्टी काढली. आबांनी तिच्यावरची वाकडीतिकडी रेघ बराच वेळ न्याहाळली आणि ते हळहळले. केळी लावताना रांग सरळ यावी म्हणून आबा दोरी ताणून घेतात. त्यांनी डॉक्टरांना अगदी सौम्यपणे विचारलं, "दोरी नही लावी का?" डॉक्टर पुण्याकडचे. ते माझ्याकडे बघत राहिले, मी छताकडे.

फक्त एका बाबतीत आबा हा शब्द दात आवळून वापरत. सविता ही त्यांची एकुलती मुलगी. नर्सिंग शिकायला धुळ्याला गेली आणि तिथेच दुसऱ्या समाजातल्या मुलाशी लग्न करून राहिली. कोणी विषय काढला की आबा म्हणायचे, "ती लाईन कट शे," आणि तंबाखू मळायला लागायचे. त्यांची बायको, अक्का, दुपारी आमच्या स्वयंपाकघरात येऊन माझ्या बायकोच्या फोनवरून लेकीशी बोलायची. बोलणं कसलं, निम्मा वेळ दोघी नुसत्याच फोन धरून असायच्या. पोरगी एकदा उंबऱ्याच्या आत यावी, एवढंच अक्काला हवं होतं. आबांना ते सांगायची तिची छाती नव्हती. मी तर पडलो भाडेकरू.

हे कळल्यापासून संध्याकाळी वीज गेली की मीही ओट्यावरच बसून राहू लागलो. मागे केळीच्या पानांची सळसळ, गिरणा नदीकडून येणारा ओला वारा, आणि अंधारात विरत जाणाऱ्या तारा. आबा त्या तारांवरून डोळ्यांनी चालत निघायचे. मीही अर्धवट झोपेत त्यांच्या मागोमाग जायचो. एक खांब, मग दुसरा, मग नुसतंच आभाळ. धुळ्याची वीज याच तारांतून जाते की नाही, देव जाणे. मी कधी चौकशी केली नाही. ती तशीच जात असावी, असं मला फार वाटायचं.

यंदा श्रावणात आबांकडे कानबाई देवीच्या सणाची तयारी सुरू झाली. देवीच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्यासाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात. पोरींच्या नावाने काढत नाहीत. हा रोट घरच्यांनीच संपवायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही, टाकायचा तर नाहीच. आबा थोरले, म्हणून मूठ त्यांची. भाऊबंद भोवती बसले होते, मी बाहेरचा म्हणून दारात. आबा एकेक नाव घेऊन सुपात गहू टाकत होते. चुलतभाऊ झाले, पुतणे झाले, एका पुतण्याचा नुकताच जन्मलेला मुलगाही झाला. नावं संपली. तरी आबांचा हात पुन्हा पोत्यात गेला. मूठ भरून सुपावर आली आणि तिथेच घुटमळली. मग गहू पडले.

"हाई मूठ कोनी?" ही कोणाची, म्हणून चुलतभाऊ दगडूनानांनी विचारलं.

"सवितानी."

"आबा, पोरीसनी लेतस नही."

"माले माहीत शे. पन आते पडी गई." आबांनी मान वर केली नाही. "देवीना गहू वापस काढतस का?"

गहू गव्हात मिसळून गेले होते. त्यातले सविताचे कोणते, हे आता कोणाला सांगता आलं नसतं. जात्यापाशी बसलेल्या अक्काने पदर तोंडाला लावला.

आबा उठून माझ्याकडे आले आणि म्हणाले, "भाऊ, सविताले फोन लाव." मी बायकोकडून फोन घेऊन लावून दिला. पलीकडून, माझ्या बायकोचा नंबर बघून, "बोला काकू" असा सविताचा आवाज आला. आबांनी फोन कानाला लावला. काकू, काकू, ती म्हणत राहिली.

"मी आबा," शेवटी ते म्हणाले. "तुना रोट शे आठे. दुसरा कोनले चालस नही. ऐतवारले ये."

पलीकडून तिने चाचरत काहीतरी विचारलं. आबांनी फोन कानाला आणखी घट्ट धरला आणि दाराबाहेर, तारांकडे बघत सांगितलं, "त्यालेबी आन. रोट नही चालस त्याले. पुरनपोयी खाई तो."