कागदात आहे तसंच

"आबा, तेवढा चष्मा काढा ना," गरिमा म्हणाली. "लाइट चमकतेय काचेवर. डोळे दिसतच नाही आहेत तुमचे."

"चष्मा काढला तर मला दिसेल काय?"

"तुम्हाला बघायचं नाहीये, आबा. तुम्हाला रिअॅक्ट करायचंय."

सूर्याजीराव खराडे यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या खिशात ठेवला. ग्वाल्हेरच्या मराठी मंडळाच्या सभागृहात दीडशे खुर्च्या मांडल्या होत्या आणि पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर ते बसले होते. समोर मोठा पडदा होता. पडद्याखाली त्यांच्याकडे तोंड करून कॅमेरा उभा होता. साडेसहाला एका मोठ्या व्हिडिओ गेम कंपनीचा वार्षिक सोहळा सुरू होणार होता. नवे गेम जाहीर होणार होते आणि जगभरातले खेळाडू ते एकाच वेळी बघणार होते. मंडळाच्या सभासदांचं सरासरी वय अडुसष्ट होतं आणि गेम म्हणजे कॅरम अशीच बहुतेकांची समजूत होती. तरीही सभागृह भरलं होतं, कारण आज जाहीर होणाऱ्या एका गेममध्ये सूर्याजीरावांचे पूर्वज मानसिंगराव खराडे दिसणार होते. मागच्या चार रांगांत त्यांच्या मुलीचे, गरिमाचे, गेम खेळणारे दोस्त बसले होते. त्यांनी सगळ्यांनी एकसारखे काळे टी-शर्ट घातले होते.

"लोक गेम सोडून माझं तोंड का बघणार?" सूर्याजीरावांनी विचारलं.

"ट्रेलर तर सगळेच बघतात. मग लोकांच्या रिअॅक्शन बघतात. मग त्या रिअॅक्शनवरच्या रिअॅक्शन. कंपनीनं फक्त सहा जागा निवडल्या आहेत लाइव्हसाठी. त्यात एक आपण, मूळ घराणं. तर प्लीज, एकदम दिल से. मी खांद्याला हात लावला की मानसिंगराव आले असं समजा आणि सुरू व्हा."

"आणि थांबायचं कधी?"

"ते मी सांगते ना."

हे सगळं दोन वर्षांपूर्वी सुरू झालं. पुण्याच्या एका स्टुडिओतून तन्वी नावाची मुलगी किला गेटजवळच्या त्यांच्या घरी आली होती. कंपनीसाठी चित्रांचं काम तिचा स्टुडिओ करत होता. तिनं पगडीचे फोटो घेतले, तलवारीचे घेतले, मानसिंगरावांच्या तसबिरीचे घेतले. शेवटी तिनं दिवाणखान्यातल्या चौकटीचा फोटो घेतला. चौकटीत घराण्याची सनद होती, मोडी लिपीतली. दर दसऱ्याला तिच्यावर हार चढायचा, काचेला कुंकू लागायचं आणि श्रीखंडाचा नैवेद्य दाखवला जायचा. ती वाचता येणारं माणूस चार पिढ्यांत घरात झालं नव्हतं. पण वाचायची गरजही नव्हती. सतरा माणसांनिशी मानसिंगरावांनी कुंवरपूरच्या गढीचा उत्तर दरवाजा तीन दिवस लढवला, असं तिच्यात लिहिलेलं आहे हे सूर्याजीरावांच्या आजोबांनी सांगितलं होतं, आणि आजोबा खोटं बोलत नसत.

त्यानंतर सूर्याजीरावांनी तन्वीला एकेचाळीस ईमेल पाठवले. पगडीचा कोन डावीकडे झुकलेला हवा. उजव्या कानाखाली तीळ हवा. तलवारीच्या मुठीवरच्या फुलाला सहा नव्हे, सात पाकळ्या हव्यात. प्रत्येक ईमेलच्या शेवटी एकच वाक्य असे : "कागदात आहे तसंच दाखवा. एका अक्षराचाही फरक चालणार नाही." संमतिपत्रावरही त्यांनी सहीच्या वर हेच वाक्य स्वतःच्या हातानं लिहून दिलं होतं.

एवढ्या काटेकोरपणाला कारण होतं. मंडळाचं नवं प्रवेशद्वार बांधून तयार होतं आणि त्याला मानसिंगरावांचं नाव द्यावं असा सूर्याजीरावांचा ठराव सहा वर्षं पडून होता. दर वर्षी सचिव गुरुप्रसादपंत दफ्तरे काही ना काही खुसपट काढत. एकदा गणसंख्या कमी भरली, एकदा नोटीस दोन दिवस उशिरा लागली, एकदा ठराव चुकीच्या रंगाच्या कागदावर आला. दफ्तऱ्यांचे पूर्वज दरबारात कारकून होते आणि खराड्यांचे शिलेदार, त्यामुळे हा मत्सर आहे याबद्दल सूर्याजीरावांच्या मनात शंका नव्हती. येत्या रविवारी वार्षिक सभा होती. आज जगानं मानसिंगरावांना पाहिलं की रविवारी पंत कोणत्या रंगाचा कागद मागतात ते त्यांना बघायचं होतं.

सोहळा सुरू झाला. आधी कुठल्या तरी राक्षसांचा गेम आला, मग मोटारींचा. मागच्या रांगा प्रत्येक घोषणेला किंचाळत होत्या. पुढच्या रांगांत कोणीतरी चहा आधी मिळेल की नंतर असं विचारत होतं. मग नगारे वाजले, पडद्यावर भगवं काहीतरी पसरलं आणि सूर्याजीरावांच्या खांद्याला हात लागला.

ते उठले. दोन्ही मुठी वर गेल्या. "हर हर महादेव!"

पुढच्या रांगांनी शिष्टाचार म्हणून साथ दिली. पडद्यावर मानसिंगराव बुरुजाच्या पायऱ्या उतरत होते. पगडी डावीकडे झुकली होती, कानाखाली तीळ होता, मुठीवरच्या सात पाकळ्या मोजून घ्याव्यात इतक्या जवळून दाखवल्या होत्या. मानसिंगरावांनी तलवार खुंटीला टांगली. झोपलेल्या सतरा सोबत्यांच्या मधून ते चवड्यांवर चालत गेले. उत्तर दरवाज्याचा अडसर त्यांनी स्वतःच्या हातांनी काढला, दार उघडलं आणि बाहेर उभ्या असलेल्या फिरंगी साहेबाला लवून मुजरा केला. पलटण आत शिरली. सतरा सोबती एकेक करून झोपेतच कापले गेले.

ज्यांच्या डोळ्यांवर चष्मे होते ते गप्प झाले. तिसऱ्या रांगेत त्यांच्या पत्नी शालिनीताईंनी पदर तोंडाशी नेला. गरिमाचा हात वडिलांच्या खांद्यावरच राहिला आणि थांबायचं सांगायला ती विसरली. त्यामुळे त्या शांततेत सूर्याजीरावांनी आणखी अकरा वेळा "हर हर महादेव" केलं. मुठी वर आणि डोळ्यांत खरोखरचं पाणी. पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकटीत जग ते बघत होतं. सतरावा माणूस पडला आणि मागच्या रांगा फुटल्या.

"ओ भाई साब! क्या विलन है!"

"अरे अंकल को तो देख! अंकल खुश हो रहे हैं!"

सूर्याजीरावांना एवढंच कळलं की तरुण पिढी उभी राहून टाळ्या वाजवतेय. त्यांनी पेढ्यांचं ताट उचललं आणि रांगांमधून फिरू लागले. "कसं वाटलं?" लोक पेढा घेत आणि आपल्या चपलांकडे बघत. गुरुप्रसाद दफ्तऱ्यांनी अर्धा पेढा घेतला. "पगडी उत्तम जमलीय," ते म्हणाले.

घरी येऊन त्यांनी चष्मा लावला आणि ट्रेलर पाहिला. एकदाच.

सकाळपर्यंत त्यांचा चेहरा चाळीस लाख लोकांनी पाहिला होता. कोणी त्यांच्या बारा आरोळ्या क्रिकेटच्या पराभवाला जोडल्या होत्या, कोणी खचलेल्या रस्त्याला. खाली लिहिलं होतं : या घरात गद्दारी अजून साजरी होते. किला गेटच्या नाक्यावर त्यांनी स्कूटर बँकेकडे वळवली तेव्हा दारावरचा गार्ड लगबगीनं पुढे आला. "राव साहब, आप रहने दो. गेट हम खोल देते हैं." पैसे न काढता ते परत आले.

"हेट नाहीये ते, आबा, बिल्कुल नाही," गरिमा समजावत होती. "लोकांना मानसिंगराव जाम आवडले. सगळ्यात भारी विलन कोण याची व्होटिंग चालू आहे, आपण दुसऱ्या नंबरवर आहोत."

"पहिल्यावर कोण?"

"एक अजगर आहे."

शालिनीताई भाजी निवडत होत्या. "अजगराच्या घरच्यांना तरी कोणी पडद्यावर नाही नाचवलं," त्या म्हणाल्या.

सूर्याजीरावांनी तन्वीला फोन लावला. आवाज चढलेला होता. "हा इतिहासाचा विपर्यास आहे! मी कोर्टात जाईन. तुम्हाला कागद दिला होता!"

"हो काका, त्या कागदावरच तर केलंय सगळं," तन्वी अदबीनं म्हणाली. "आमचे दिग्दर्शक म्हणत होते, थोडी लढाई दाखवू या, बरं दिसेल. मीच भांडले. म्हटलं, खराडेकाकांनी लिहून दिलंय, एका अक्षराचाही फरक नको."

"काय लिहिलंय त्या कागदात?"

"काका, तो तर तुमच्याच भिंतीवर आहे ना?"

तिनं मोडीवाचकानं केलेलं लिप्यंतर पाठवलं. ते चार ओळींचं होतं. "मानसिंगराव खराडे याणी कुंवरपूरचे गढीचा उत्तर दरवाजा बेहुज्जत खुला करून दिल्हा, आंतील सतरा असामी निजले ठायीं कापले गेले, सबब आंबराई व दोन विहिरी वंशपरंपरेनें इनाम." खाली इंग्रजांच्या कंपनी सरकारच्या शिक्क्याचं वर्णन होतं.

सूर्याजीराव चौकटीकडे बघत राहिले. मागच्या दसऱ्याचं कुंकू काचेवर अजून होतं.

एक आशा उरली होती. पुण्याच्या माणसानं चुकीचं वाचलं असेल. ग्वाल्हेरात मोडी वाचणारं एकच घर त्यांना ठाऊक होतं, आणि दुसरा इलाज नसल्यामुळे ते चौकट पिशवीत घालून दौलतगंजला त्या घरी गेले.

गुरुप्रसादपंतांनी चौकट हातात घेतलीच नाही. "बेहुज्जत. म्हणजे विनातक्रार," ते म्हणाले. "दुसऱ्या ओळीच्या शेवटी आहे. बरोबर वाचलंय त्यानं."

"तुम्ही न बघता कसं सांगता?"

"चौऱ्याण्णवच्या दसऱ्याला तुमच्याकडे आलो होतो. तुमच्या वडिलांनी मला नेमकं याच्याखाली बसवलं. श्रीखंड येईपर्यंत वाचून झालं होतं."

"आणि तुम्ही गप्प बसलात? तीस वर्षं?"

"दसऱ्याच्या दिवशी यजमानाला काय सांगू? तुमचे पूर्वज फितूर होते, थोडं श्रीखंड आणखी वाढा?" पंतांनी उपरणं सारखं केलं. "सूर्याजीराव, सहा वर्षं तो ठराव मी कशासाठी अडवला असं वाटतं तुम्हाला? रंगीत कागदांचा मला काय शौक आहे?"

ज्या माणसाला सूर्याजीराव सहा वर्षं शिव्या देत होते, त्याच माणसानं त्यांची अब्रू राखली होती. हे त्यांना फितुरीपेक्षा जड गेलं.

"सांगून टाकायचं होतं," ते शेवटी म्हणाले.

"सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता की कागद लिहिला कोणी. अक्षर नीट बघा. वळणदार आहे, एकही खाडाखोड नाही." पंत खिडकीबाहेर बघू लागले. "आमचे पूर्वज, त्र्यंबकपंत. त्यांनाही एक विहीर मिळाली."

चहा आला, तो निवला.

"रविवारी मी ठराव मागे घेतो," सूर्याजीराव उठताना म्हणाले.

"घ्या," पंत म्हणाले. "सभेनं घेऊ दिला तर."

रविवारी अकरा वाजता सभा भरली, आणि मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच खुर्च्या कमी पडल्या. आठवड्याभरात त्रेसष्ट नवे सभासद झाले होते आणि सगळे तिशीच्या आतले होते. इंदूरहून चार मुलं आली होती. नव्या प्रवेशद्वाराशी ती पाळीपाळीनं अडसर काढल्याचा अभिनय करून फोटो घेत होती. अध्यक्षांना इतकी वर्षं वाटत होतं की मंडळ आपल्याबरोबरच संपणार. आज ते एखाद्या नव्या नवऱ्यासारखे दिसत होते.

ठराव क्रमांक चार आला. सूर्याजीराव उभे राहिले.

"सूचक या नात्यानं मी हा ठराव मागे घेतो," ते म्हणाले. "मानसिंगराव त्या लायकीचे नव्हते."

टाळ्या वाजल्या.

"टाळ्या नकोत! त्यांनी दरवाजा लढवला नाही, उघडला! सतरा माणसं झोपेत मारवली! माझ्या भिंतीवर कागद आहे!"

टाळ्या आणखी वाढल्या. मागून शिट्टी आली. एक काळा टी-शर्ट ओरडला, "अंकल, एक बार और! वही, हाथ ऊपर करके!"

"प्रवेशद्वाराला दरवाजा उघडणाऱ्याचं नाव," अध्यक्ष हसत म्हणाले, "याहून समर्पक काय असणार? सूर्याजीराव, आता पुरे. मोठेपणा आहे तुमचा. बसा."

"मोठेपणा नाही हो! मी विरोध करतोय!"

"सूर्याजीरावांना जरा पाणी द्या कोणी," अध्यक्ष म्हणाले. हात वर करायला सांगितलं तेव्हा सभागृहभर हात वर झाले. गरिमाचा झाला. शालिनीताईंनी नवऱ्याकडे पाहिलं, शेजारणीकडे पाहिलं आणि अर्धा केला. विरोधात कोण, असं विचारलं तेव्हा सूर्याजीरावांनी एकट्यानं हात वर केला. त्याच क्षणी मागच्या रांगांतले तीस-चाळीस मोबाइल त्यांच्याकडे वळले. ती त्यांची दुसरी गाजलेली प्रतिक्रिया ठरली.

सभा संपल्यावर पंतांनी इतिवृत्ताची वही सहीसाठी त्यांच्यापुढे ठेवली. अक्षर वळणदार होतं, एकही खाडाखोड नव्हती. "सूचक श्री. सूर्याजीराव खराडे यांनी घराण्याच्या थोर परंपरेस अनुसरून अत्यंत विनयाने ठराव मागे घेण्याची इच्छा दर्शवली. सभेने ती टाळ्यांच्या गजरात अमान्य केली व ठराव एकमताने मंजूर झाला."

"एकमताने?" सूर्याजीराव म्हणाले. "माझं मत विरोधात होतं, पंत."

"तो विनय होता," पंतांनी पेन पुढे केलं. "विनय मतांत धरत नाहीत."